केळीच्या खोक्यातला शिक्रा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आखाती देशांतल्या बाजपालनावर, म्हणजे शिकारी पक्षी पाळून शिकारीला उडवण्याच्या छंदावर, पानभर लेख आला होता. फोटो सुरेख, मजकूरही खोटा नव्हता. पण आमच्या गल्लीतल्या एका पोराने तो लेख कापून दप्तरात ठेवला, आणि दुबईला एसी दुरुस्तीचं काम करणाऱ्या मामेभावाने पाठवलेले व्हिडिओ त्याच्या मोबाइलवर आधीपासून होतेच. पुढे जे झालं ते सांगायला हे पत्र. लांबलं तर कापा, फक्त पाणी पाजण्याचा भाग कापू नका.

मी मूळचा गुरांचा माणूस. पशुधन पर्यवेक्षक म्हणून ३१ वर्षं काढली, बहुतेक सगळी धडगाव आणि शहाद्याच्या बाजूला. आता चोपडा तालुक्यात गावी असतो, थोडी केळी आहे, थोडी दादर ज्वारी पेरतो. गल्लीत कुणाची शेळी अडली की अजून मलाच उठवतात. त्यामुळे मे महिन्याच्या भर दुपारी तो पोरगा केळीचं पुठ्ठ्याचं खोकं छातीशी धरून आला, तेव्हा मला वाटलं मांजराची पिल्लं असतील.

"नाना, हाऊ उभाच ऱ्हात नही."

आत चिंधीवर शिक्र्याचं, म्हणजे छोट्या शिकारी पक्ष्याचं, पिल्लू. अंगावर अजून पांढरी लव, तिच्यातून तपकिरी पिसं फुटलेली, डोळे टक्क. दोन्ही पाय मात्र बेडकासारखे बाजूला पसरलेले. शाळेमागच्या निंबावरून त्याने ११ दिवसांपूर्वी काढलं होतं. नावही ठेवून झालं होतं. चामड्याचा हातमोजा म्हणून वेल्डिंगवाल्याचा जुना मोजा आणला होता. पायाला बांधायला रेशमी दोरी, आणि बैलाच्या गोंड्याची छोटी घुंगरं. मी आधी रागावणार होतो, पण ती घुंगरं पाहून राग गिळला. पोराने अभ्यास केला होता. फक्त चुकीच्या टोकाकडून.

खायला काय घातलं, विचारलं. "बोनलेस, नाना. दिवसातून तीनदा. चांगलं महागाचं."

घोटाळा तिथेच होता. शिक्र्याचे आईबाप पिल्लाला सरडा आणतात, उंदीर आणतात, चिमणी आणतात. हाडासकट, पिसासकट. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. वाढत्या पिल्लाला ते मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं. हाड मऊ पडतं, वाकतं, कधी नुसत्या अंगाच्या वजनाने मोडतं. शेतकऱ्यांना हे सांगायला सोपं जातं, कारण व्यायलेली गाय बसते तो दुग्धज्वर सगळ्यांनी पाहिलेला असतो. तिथे शिरेतून कॅल्शियमची बाटली दिली की गाय बघता बघता उठते. इथे तसं होत नाही. वाकून वाढलेलं हाड बाटलीने सरळ होत नाही.

वजन करायला दवाखान्यात गेलो. काटा होता, पण शेळ्यांचा. शेवटी बाजारातल्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याने काचेच्या पेटीतल्या काट्यावर रुमाल अंथरला आणि पिल्लू ठेवलं. ९६ ग्रॅम. सोनार म्हणाला, "आजच्या भावाने तर भारीच हाय." मला हसू आलं नाही.

आता त्या आखाती व्हिडिओंबद्दल बोलतो, कारण त्यात जे दिसत नाही तेच सगळं महत्त्वाचं आहे. बाज हातावर येऊन बसतो तो मालकावरच्या मायेने येत नाही. तो येतो कारण त्या हातावर कमी कष्टात घास मिळतो, हे त्याला पटलेलं असतं. आणि ते त्याला पटावं म्हणून त्याचं वजन रोज, ठरल्या वेळी, ग्रॅममध्ये केलं जातं आणि वहीत लिहिलं जातं. पोट तुडुंब असेल तर तो झाडावर जाऊन बसतो, खाली बघतसुद्धा नाही. उपाशी ठेवला तर मरतो. मधली पट्टी फार अरुंद असते. २०० ग्रॅमच्या शिक्रा मादीचं वजन रातोरात १० ग्रॅमने उतरलं तर ते ७० किलोच्या माणसाचं एका रात्रीत साडेतीन किलोने उतरण्यासारखं आहे. मोठ्या ससाण्याला थोडी चूक माफ असते, शिक्र्याला नाही. "लहान आहे, सुरुवातीला बरा" असं जे पोरांना वाटतं ते बरोबर उलटं आहे.

तिकडे या सगळ्यामागे मोठी व्यवस्था उभी आहे. अबुधाबीत १९९९ पासून खास ससाण्यांसाठी इस्पितळ आहे. संयुक्त अरब अमिरातीत ससाण्याला स्वतःचा पासपोर्ट असतो. उडवले जाणारे बरेचसे पक्षी पाळीव जोड्यांपासून पैदास केलेले असतात. अमेरिकेत ज्याला शिकायचं त्याने लेखी परीक्षेत ८० टक्के मिळवायचे, जागेची तपासणी करून घ्यायची आणि किमान दोन वर्षं जाणत्या बाजदाराच्या हाताखाली उमेदवारी करायची, तीही एकच पक्षी ठेवून. युनेस्कोने २०१० मध्ये बाजपालनाला मानवजातीच्या अमूर्त वारशात घातलं, पुढे त्या यादीत देश वाढत गेले, पाकिस्तानही आला. भारत त्यात नाही.

म्हणजे आपल्याकडे ही विद्या नव्हती असं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने १२ व्या शतकात राजाच्या करमणुकी लिहून ठेवल्या, त्यांत श्येनविनोद आहे. श्येन म्हणजे ससाणा-बाज. आमच्या तापीच्याच काठावर बुऱ्हाणपूरला पलीकडच्या तीरावर आहूखाना आहे, मोगलांचं हरणांचं राखीव शिकार-उद्यान. मुमताजमहलला १६३१ मध्ये आधी तिथेच पुरलं होतं, हे लोकांना माहीत असतं. तिथे शिकार चालायची हे विसरतात. पंजाबकडे शिक्रा लाव्यांवर सोडायची रीत होती, गळ्याला पट्टा अडकवून पक्षी चक्क हातातून चेंडूसारखा फेकायचे. भावनगरच्या राजघराण्यातले धर्मकुमारसिंहजी तर नामांकित बाजदारही होते आणि नामांकित पक्षीतज्ज्ञही.

पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि रानातला शिकारी पक्षी धरणं, पाळणं बंद झालं. घरट्याला हात लावणं हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच. यांतले बरेच पक्षी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षणाच्या यादीत, आहेत आणि तिथे कैद ३ वर्षांपासून ७ वर्षांपर्यंत. जखमी पक्षी सापडला तरी तो आपला होत नाही, सरकारचा असतो, आणि ४८ तासांच्या आत कळवायचं असतं. पोराच्या बापाला हे सांगितलं तेव्हा त्याच्या हातातला चहा कपातच राहिला.

मला कायद्याचं भय दाखवून थांबायचं नाही. हौसेने काय होतं याचं उदाहरण लग्गड ससाण्याचं आहे. आपल्याकडच्या उघड्या माळरानांचा पक्षी. मोठे, महाग ससाणे पकडायला पारधी याच्या पायाला पिसांचा पुंजका बांधत, त्यात फासे लपवलेले. लांबून वाटावं की हा शिकार घेऊन चाललाय. मोठा ससाणा ती हिसकायला येतो आणि फाशात अडकतो. लग्गडाला बाजारात स्वतःची मोठी किंमत नव्हती, आमिष म्हणूनच तो धरला गेला. माळरानं नांगरली गेली, विषं आली, त्यात ही भर. आज तो जगभरातच घटत चाललेल्या पक्ष्यांत मोजला जातो.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट, जी मी त्या पोराला सांगितली.

धडगावला असताना, उन्हाळ्यातच, एका आश्रमशाळेच्या पोरांनी घार आणून दिली. उन्हाने खाली पडलेली, चोच उघडी, धापा टाकत होती. घरमालकीण म्हणाली, "त्याले भूक लागनी व्हई, दूध पाजी द्या." दूध नको इतकं मला कळत होतं. पण मी हुशारी केली. ग्लुकोजचं पाणी केलं, चोच उघडली आणि वासराला औषध पाजतो तसं पिचकारीने घशात सोडलं. पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या बुडाशीच उघडते, समोर दिसते ती बारीक फट. पाणी तिच्यात गेलं. घार दोनदा शिंकल्यासारखी झाली आणि माझ्या हातात मान टाकली. कुणाला सांगितलं नाही. पोरांना म्हणालो, ऊन लागलं होतं, मरणारच होती. ते खरं नव्हतं. सावलीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात, शांत ठेवली असती आणि जाणत्याच्या हवाली केली असती तर ती बहुधा वाचली असती.

म्हणून मोठ्या अक्षरात छापा: कोणत्याही पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नका. दूध-पोळी नको. खीमा नको. हडकुळा, अशक्त पक्षी असेल तर "बिचारा उपाशी" म्हणून मांसही कोंबू नका, उपाशी शरीराला एकदम घन अन्न पेलत नाही आणि भरल्या पोटीच तो मरतो. आधी ऊब आणि अंगातलं पाणी भरून काढणं, मग पातळ, मग घास. हे डॉक्टरचं काम आहे. तुमचं काम एवढंच की अंगावर पंचा टाकायचा, पंख अंगाशी मिटलेले राहतील असं दोन्ही हातांनी उचलायचं, आणि सांभाळायचं ते चोचीला नाही, पंजाला. घार चोच वासते पण जखम करते ती नखांनी. मग खोक्यात ठेवायचं, झाकण बंद. अंधार झाला की शिकारी पक्षी शांत होतो. बाजदार त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवतात ती याचसाठी. आपल्याकडे रावेर-यावलपासून चोपड्यापर्यंत घरोघर केळीची खोकी पडलेली असतात. हवेला भोकं आयतीच, तळाला जुनं गोणपाट टाकलं की पाय घसरत नाहीत. यापेक्षा चांगली रुग्णवाहिका मला माहीत नाही. तारेचा पिंजरा मात्र नको. घाबरलेला पक्षी जाळीवर आपटतो, शेपटी आणि पंखांची पिसं मोडतात, आणि ती नवी यायला पुढची पीसझड उजाडावी लागते. तोवर त्याला शिकार जमत नाही. म्हणजे जखम आठ दिवसांत बरी आणि कैद वर्षाची.

इथे बाजदारांची विद्या खरी कामाला येते, आणि माझ्या पत्राचा मुद्दा हाच आहे. मोडलेल्या पिसाच्या पोकळ देठात बारीक काडी घालून गळलेलं जुनं पीस जोडायचं, हे त्यांनी शेकडो वर्षांपूर्वी शोधलं. आजही पक्ष्यांच्या इस्पितळांत तेच करतात. बरा झालेला ससाणा सोडण्याआधी लांब दोरीवर रोज उडवून त्याच्या छातीत ताकद आणायची, हेही त्यांचंच. सपाट, कडक जागी बसून पायाच्या तळव्याला सूज येते, पुढे ती हाडापर्यंत पोचते, म्हणून बसायच्या दांड्याला काथ्या गुंडाळायचा, जाडी कमीजास्त ठेवायची. पारवा खायला घालायचा नाही, त्याच्या घशातला रोग ससाण्याच्या घशात उतरतो आणि तोंडात पिवळट थर धरतो. खाल्लेल्या उंदराचे केस, पिसं यांची गोळी पक्षी दुसऱ्या दिवशी ओकून टाकतो. ती पडली का, कशी पडली, हे पाहिल्याशिवाय पुढचा घास द्यायचा नाही. गुरांच्या दवाखान्यात आम्ही शेण बघायचो, तसंच हे. यातलं काहीच मला नोकरीत शिकवलं नव्हतं. निवृत्तीनंतर चुकत, विचारत, वाचत शिकलो.

धरण्याचं कौशल्य राखण्याकडे वळवता येतं, याला दाखला बिहारच्या मीरशिकार समाजातले अली हुसेन. पिढीजात पाखरं पकडणारे. त्यांचीच जाळी आणि फासे बीएनएचएसच्या, म्हणजे मुंबईच्या पक्षी-प्राणी अभ्यासकांच्या संस्थेच्या, कामात आले, आणि त्यांनी धरलेल्या पक्ष्यांच्या पायात ओळखीचं वाळं घालून ते सोडले गेले. नागालँडच्या पांगती गावाने २०१२ मध्ये स्थलांतर करणारे अमूर ससाणे जाळ्यांनी हजारोंनी मारले आणि पुढच्याच वर्षी ती जाळी गावानेच उतरवली. त्याच लोकांना पक्षी कुठे, केव्हा उतरतात हे सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

पोराचं काय झालं ते राहिलंच. मी १९२६ ला फोन केला. हा वन विभागाचा टोल फ्री नंबर आहे, फुकट लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षक मोटारसायकलवर आला. भला माणूस. पोराला दरडावलं नाही, उलट खोकं पाहून म्हणाला, पॅकिंग चांगलं केलंय. पण पिल्लू नेणार कुठे, याचं उत्तर त्यालाही पटकन सुचेना. एका ठिकाणी डॉक्टर सुट्टीवर, दुसऱ्या ठिकाणी "आम्ही पक्षी घेत नाही", असं दिवसभर फोनवर चाललं. संध्याकाळी ते खोकं दुसऱ्या जिल्ह्यातल्या उपचार केंद्राकडे गेलं. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून कळवलं की दोन्ही पायांची हाडं वाकली आहेत, एक जुना मोडही आहे, हा पक्षी रानात कधीच सोडता येणार नाही. पुढे १९ दिवसांनी तो गेला.

पोरगा तीन दिवस घराबाहेर आला नाही. चौथ्या दिवशी आला आणि विचारलं, परत घरट्यात ठेवलं असतं तर? ठेवता आलं असतं. पहिल्या दिवशीच. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हे आपल्याकडे सगळे छातीठोक सांगतात आणि ते चूक आहे. घरटं गाठता आलं नाही तर बांबूची पाटी त्याच झाडावर उंच बांधायची, तळाला काटक्या, आणि लांब जाऊन बसायचं. आईबाप पिल्लाच्या आवाजावर येतात. मे-जूनमध्ये झाडाखाली सापडणारी पिल्लं पुष्कळदा हरवलेली नसतातच, उडायला शिकत असतात. कुत्रं-मांजर हाकलून फांदीवर बसवलं की काम झालं.

मग मी त्याला शहाद्याची गोष्ट सांगितली, कारण मी तिथे नोकरीला होतो. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड, तोही शिकारी पक्षीच. खानदेशात नोकरीला असलेल्या डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८४ मध्ये त्याचे शेवटचे नमुने गोळा केले आणि त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. मध्ये माइनर्ट्‌झहागेन नावाच्या बड्या पक्षीसंग्राहकाने आपण १९१४ मध्ये गुजरातेत एक मारल्याचं सांगितलं होतं. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासलं तेव्हा निघालं की त्याने संग्रहालयातून डेव्हिडसनचाच नमुना चोरून, पुन्हा शिवून, खोटी चिठ्ठी लावली होती. ती खोटी नोंद बाजूला ठेवून त्या जुन्या खऱ्या जागांकडे वळल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला रानपिंगळा दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी. मी तेव्हा तिथून काही मैलांवर म्हशींना लसी टोचत फिरत होतो. आम्हाला पेपरात वाचून कळलं. तो पक्षी मी त्याआधी पाहिला असेल का, हा विचार अजून छळतो. पाहिला असेल तर साधा पिंगळा म्हणून सोडून दिला असणार.

पोराला गोष्टीतलं चोरीचं प्रकरण जास्त आवडलं. असो. पण हिवाळ्यात तो माझ्याबरोबर शेतावर यायला लागला. दादरीच्या रानावर कापशी घार हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते आणि दगडासारखी उंदरावर उतरते, ते त्याने पहिल्यांदा नीट पाहिलं. थंडीत भोवत्ये नावाचे शिकारी पक्षी येतात, पार मध्य आशियाकडून, आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांवरून खालून खालून उडतात. वेल्डिंगचा मोजा आता त्याने मला देऊन टाकलाय. संक्रांतीला नायलॉन मांज्यात गुंतलेली घार त्याच मोज्याने सोडवली. हरित लवादाने तो मांजा २०१७ मध्येच बंद केलाय, पण दुकानदाराला माल विचारला की अजून गल्ल्याखालून निघतो.

माझी मागणी मोठी नाही. आमच्या तालुक्यात गुरांच्या दवाखान्यात एक ग्रॅमचा काटा ठेवा. स्वयंपाकघरातला असतो ना, पाचशे-सातशेत मिळतो तो. एक जाड मोजा, दोन खोकी. डॉक्टर, पर्यवेक्षक आणि वनरक्षक यांना मिळून एक दिवसाचं शिक्षण द्या, ज्यांना ससाणा-घुबड हाताळण्याचा सराव आहे अशा माणसाकडून. आणि ज्या पोरांना बाजाचं खरंच वेड आहे त्यांना हाकलू नका, त्यांना उपचार केंद्रात रविवारी पिंजरे धुवायला, वजनं लिहायला घ्या. तिथे पंजे बघायला मिळतात, पिसं जोडताना बघायला मिळतात, आणि बरा झालेला पक्षी खोक्यातून सुटून मागे वळूनही न बघता जातो तेही बघायला मिळतं.

त्या निंबावर यंदा शिक्र्याची जोडी पुन्हा काटक्या आणते आहे. पोराने खाली पाटी लिहून टांगली होती, "येथे पक्ष्याचे घरटे आहे". मी ती काढायला लावली. पाटी वाचून चार जण वर चढले असते.

मुलाच्या घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
ता. चोपडा, जि. जळगाव